व्हॉइसमेलचा वैताग नेमका कशाचा?

प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसात प्रत्येकाच्या टेबलावरच्या फोनला व्हॉइसमेल आहे, म्हणजे फोन उचलला नाही की बीप वाजते आणि करणाऱ्याचा निरोप रेकॉर्ड होतो. लोक तो ऐकत नाहीत, आणि ऐकलाच तर चिडचिड करतात. वरिष्ठांचं म्हणणं असं की बोललेला निरोप ईमेल-चॅटपेक्षा बरा, आवाजात माणूस कळतो. मग इतर माध्यमांच्या तुलनेत व्हॉइसमेल इतका नकोसा का होतो, आणि तो बंद करावा की ठेवावा?

मी ऑफिसांच्या टेलिफोन यंत्रणा बसवतो, चालवतो, आणि अलीकडे बऱ्याचदा त्यातले भाग काढूनही टाकतो. त्यामुळे हा वाद दोन्ही बाजूंनी ऐकलाय. माझं मत आधीच सांगून टाकतो. व्हॉइसमेलचा त्रास आवाजामुळे होत नाही. तो कोणी निवडलेला नसतो, म्हणून होतो. ईमेल लिहिणारा ईमेल लिहायलाच बसलेला असतो. चॅटवाल्याला ठाऊक असतं की आपण दोन ओळी टाकतोय. व्हॉइसमेल ठेवणाऱ्याने मात्र फोन लावलेला असतो तो बोलण्यासाठी. समोरून 'हॅलो' येईल, मग आपण 'दोन मिनिटं आहेत का?' म्हणू, अशा तयारीत तो असतो आणि कानावर पडते ती बीप. तिथल्या तिथे संभाषणाचं भाषण होतं, तेही बिनतयारीचं, आणि रेकॉर्डिंग तर सुरू झालेलं असतं.

त्यातून निघणारा निरोप साधारण असा असतो:

"हं... हॅलो... जागेवर नाहीयेत वाटतं. अं, मी खरेदी विभागातून बोलतेय. ते आपलं मागे बोलणं झालं होतं ना, त्या कोटेशनचं, तर त्यात जरा गडबड आहे, म्हणजे गडबड अशी नाही, पण साहेब म्हणाले एकदा विचारून घ्या. मी आत्ता मीटिंगला चाललेय, चारपर्यंत नाहीये, चारनंतर आहे, म्हणजे साडेचारला निघेन. तर जमलं तर फोन करा, नाही तर उद्या बघू. माझा नंबर घ्या..."

आणि तो नंबर अशा सुसाट वेगाने की शेवटचे चार आकडे बीपबरोबरच विरून जातात. आता हीच बाई ईमेल लिहायला बसली असती तर काय लिहिलं असतं? "कोटेशनच्या तिसऱ्या पानावर वाहतूक खर्च दोनदा धरला गेलाय का? आज साडेचारच्या आत कळलं तर ऑर्डर आजच काढते." माणूस तोच, अक्कल तीच, घाईसुद्धा तेवढीच. फरक इतकाच की ईमेलचा रिकामा विषयाचा रकाना विचारतो, 'कशाबद्दल?' बीप काहीच विचारत नाही.

यंत्र येण्याआधी हे विचारण्याचं काम ऑपरेटर किंवा रिसेप्शनवरची व्यक्ती करायची. जागेवर नसलेल्या माणसासाठी ती छापील चिठ्ठीवर लिहून घ्यायची: फोन कोणाचा, कुठून, किती वाजता, नंबर काय, ते पुन्हा करणार की तुम्ही करायचा. एखादा रकाना रिकामा राहिला की ती विचारायची, "काम काय म्हणून सांगू?" म्हणजे पाल्हाळ लावणाऱ्याच्या तोंडून मुद्दा काढून घेणारं कोणीतरी मध्ये होतं. गॉर्डन मॅथ्यूज यांनी अमेरिकेत १९७९ मध्ये व्हॉइसमेलच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९८३ मध्ये ते मिळालं. आयबीएममध्ये या दिशेने काम त्याही आधी, १९७०च्या दशकातच सुरू झालं होतं. चिठ्ठ्या गहाळ होतात, लिहिताना चूक होते, सुट्टीच्या दिवशी फोन घ्यायला कोणी नसतं, या तक्रारींवर हा उपाय होता, आणि तेवढ्यापुरता चांगलाच होता. पण चिठ्ठीबरोबर विचारणारं माणूसही गेलं, आणि निरोपातून मुद्दा वेचून काढायचं काम ऐकणाऱ्याच्या गळ्यात पडलं.

गंमत म्हणजे १९८०-९०च्या दशकांत मोठ्या कंपन्यांमध्ये हाच व्हॉइसमेल लोकांचा लाडका होता. ईमेल सगळ्यांच्या हाती नव्हता. फिरतीवरचे विक्री प्रतिनिधी आणि सल्लागार बाहेरच्या एखाद्या फोनवरून यंत्रणेत शिरायचे आणि समोरच्याचा फोन न वाजवता थेट त्याच्या मेलबॉक्समध्ये, म्हणजे यंत्रणेतल्या त्याच्या निरोपांच्या कप्प्यात, निरोप ठेवायचे. आलेला निरोप चौघांना पुढे पाठवायचा, वर आपलं मत जोडायचं, अशी सगळी सोय होती. ऑक्टेल ही त्या यंत्रणा बनवणारी कंपनी ल्युसेंट या टेलिफोन उपकरणं बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीने १९९७ मध्ये सुमारे १.८ अब्ज डॉलरला घेतली, यावरून त्या धंद्याची तेजी कळेल. त्या लोकांनी कागदावर मुद्दे काढलेले असायचे. बोलून झालं की ते स्वतः ऐकायचे, पटलं नाही तर पुसून पुन्हा बोलायचे. यंत्र तेच होतं, पण तिथे निरोप ठेवणं हेच ठरवलेलं काम होतं. आज उरलाय तो फक्त 'फोन उचलला नाही' याचा अवशेष.

आता ऐकणाऱ्याची बाजू. माणूस मिनिटाला साधारण दीडशे शब्द बोलतो, आणि इंग्रजी मजकूर मनात वाचण्याचा सरासरी वेग मिनिटाला २००च्या वर धरला जातो. पण खरा छळ वेगाचा नाही. लिहिलेला मजकूर नजर कुठूनही उचलते. तारीख कुठे, आकडा कुठे, आपलं नाव कुठे, हे वाचण्याआधीच दिसतं. आवाजात पुढे काय आहे ते दिसत नाही. म्हणून सगळं मुकाट ऐकावं लागतं, आणि शेवटी नंबर निसटला तर पुन्हा पहिल्यापासून. मागे-पुढे जाण्याची बटणं असतात, पण ती कोणाला पाठ नसतात. एका यंत्रणेत पुसण्यासाठी ७, दुसऱ्यात ३. ऑफिस बदललेला माणूस जपून ठेवायचा निरोप पुसून बसतो तो यामुळेच.

त्यातही आधी मेलबॉक्सचा नंबर लावा, पिन टाका, "आपल्याला नवीन निरोप आहेत" हे ऐका, मग तारीख-वेळ ऐका, आणि मग कुठे "हं... हॅलो..." सुरू होतं. चाळीस सेकंदांच्या निरोपापर्यंत पोचायला जवळजवळ तेवढाच वेळ जातो. टेबलावरच्या फोनचा लाल दिवा मिनमिनत राहतो, आणि काही दिवसांनी तो माणसाला दिसेनासाच होतो. एका ऑफिसात मी त्या दिव्यावर चिकटपट्टी लावलेली पाहिलीय. मला त्या माणसाचा राग आला नाही.

आवाजाच्या दर्जाचं कोणी बोलत नाही, म्हणून दोन ओळी. जुन्या पद्धतीची टेलिफोन लाइन आवाजाच्या कंपनांपैकी ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे नेते. 'स', 'श', 'फ' असल्या व्यंजनांची बरीचशी ओळख त्याच्या वरच्या पट्ट्यात असते. समोरासमोरच्या फोनवर आपण लगेच 'काय म्हणालात?' असं विचारतो आणि भागतं. रेकॉर्डिंगला काय विचारणार? आडनावं, गावांची नावं, वस्तूंचे कोड इथेच घसरतात. आणि दोन-दोन आकड्यांची जोडी करून नंबर सांगणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: 'एकोणसाठ', 'एकोणसत्तर' हे घरघरत्या रेकॉर्डिंगमध्ये सारखंच ऐकू येतं. एकेक आकडा सुटा सांगा.

पण ऑफिसच्या कामात सर्वांत जास्त भांडणं मी पाहिली ती जबाबदारीवरून. "मी निरोप ठेवला होता" हे वाक्य. बोलणाऱ्याच्या लेखी बीपनंतर दोन वाक्यं बोलली की काम दुसऱ्याच्या अंगावर गेलं. ऐकणाऱ्याच्या लेखी मेलबॉक्स उघडेपर्यंत काही घडलेलंच नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि मधल्या दोन दिवसांत माल अडकून पडलेला. चॅटमध्ये वाचल्याची खूण दिसते. ईमेलमध्ये निदान पाठवल्याची प्रत दोघांकडे राहते, पंधरा दिवसांनी शोधून वाचता येते, तिसऱ्याला दाखवता येते. व्हॉइसमेल ठेवणाऱ्याकडे आपण नेमकं काय बोललो याचा पुरावा सहसा उरत नाही. ऐकणाऱ्याकडे तो असतो, पण ठरावीक दिवसांनी यंत्रणा स्वतःच पुसून टाकते. खापर फोडायला सोयीचं आणि शहानिशा करायला गैरसोयीचं, असं हे माध्यम आहे.

यावर लोकांनी स्वतःच एक तोडगा शोधलाय: मेलबॉक्स भरू द्यायचा. "मेलबॉक्स भरला आहे" असं ऐकलं की फोन करणारा झक मारत ईमेल करतो. प्रशासक म्हणून मला दर महिन्याला भरलेल्या मेलबॉक्सची यादी दिसते आणि त्यात ठरलेली नावं असतात. तो विसरभोळेपणा नाही, ते त्यांचं धोरण आहे.

तुलना करताना मात्र एक प्रश्न टाळून चालत नाही. आवाजच नकोसा असता तर व्हॉइस नोट एवढ्या का चालल्या? व्हॉट्सॲपवर त्या २०१३ मध्ये आल्या, २०२१ मध्ये दीडपट-दुप्पट वेगाने ऐकायची सोय आली, आणि आज लोक हौसेने पाठवतात. नीट पाहिलं तर व्हॉइस नोटमध्ये नेमका व्हॉइसमेलचा दोष काढून टाकलाय. पाठवणारा स्वतः बटण दाबून बोलतो, त्याला बीप गाठत नाही. बोलून झाल्यावर पटलं नाही तर टाकून देता येतं. ऐकणाऱ्याला आधीच दिसतं की कोणाची आहे आणि किती लांब आहे. ती चालू संभाषणातच येते, त्यामुळे 'मागे बोलणं झालं होतं ना ते' म्हणजे कोणतं, हे वरच्या दोन ओळींत असतं. उत्तर तिथेच लिहून देता येतं. पिन नाही, मेनू नाही.

तरीही ऑफिसात चार मिनिटांची व्हॉइस नोट पाठवणाऱ्यांना मी माफ करत नाही. टाइप करायचा कंटाळा आपला आणि ऐकून टिपून घ्यायचे कष्ट दुसऱ्याचे, हा व्यवहार व्हॉइसमेलइतकाच एकतर्फी आहे. माझा साधा नियम: ज्यात आकडा, तारीख किंवा 'हे करा' असं काही आहे ते लिहून पाठवायचं. ज्यात सूर महत्त्वाचा आहे ते बोलायचं, आणि शक्यतो समोरचा माणूस ऐकत असताना बोलायचं.

हा दुसरा भाग वरिष्ठांच्या मुद्द्याशी जोडलेला आहे. आवाजात माणूस कळतो हे खरंच आहे. रिचर्ड डॅफ्ट आणि रॉबर्ट लेंगेल यांनी १९८०च्या दशकात माध्यमांच्या 'समृद्धी'चा सिद्धांत मांडला. त्याचा गाभा असा की विषय जितका धूसर, गैरसमजाला वाव जितका जास्त, तितकं समृद्ध माध्यम हवं: समोरासमोर भेट सर्वांत वर, मग फोन, मग लिखाण. पण त्यांच्या कसोट्यांत सुराबरोबर आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे तत्काळ प्रतिसाद. समोरच्याच्या 'हं' वरून, गप्प बसण्यावरून आपण वाक्य वळवतो. व्हॉइसमेलमध्ये सूर उरतो आणि प्रतिसाद जातो. म्हणूनच एखादी नाराजी व्हॉइसमेलवर ठेवली की ती दुप्पट कडू लागते. बोलणारा थांबवणारं कोणी नसल्यामुळे वाहवत गेलेला असतो, आणि ऐकणारा तेच तीनदा ऐकतो.

ईमेलची बाजू घेतोय म्हणून तो निर्दोष आहे असं नाही. साऱ्या गावाला प्रत पाठवणं, तीस उत्तरांची शेपटी, 'कृपया खालील पाहा' म्हणून सगळं खाली ढकलणं, हे सगळ्यांनी सोसलंय. चॅटचं दुखणं वेगळं: तो कामातून उठवतो, आणि नुसतं 'आहात का?' लिहून गप्प बसणारे लोक तर व्हॉइसमेलचेच वारस. पण हे दोष सवयीचे आहेत, सवय बदलली की जातात. व्हॉइसमेलचा दोष रचनेतच आहे.

निरोपाचं लिखाणात रूपांतर करणाऱ्या सोयीबद्दल हमखास विचारणा होते. गूगल व्हॉइस या गूगलच्या फोन सेवेने ती २००९ मध्ये दिली, आयफोनवर २०१६ मध्ये आली, आणि ऑफिसच्या बहुतेक यंत्रणांत आता मिळते. घ्या, जरूर घ्या. निरोप कोणाचा आणि साधारण कशाचा हे एका नजरेत कळतं, ही मोठी सुटका आहे. फक्त रकमा, नावं आणि दोन भाषांची सरमिसळ यांत तिच्यावर भिस्त ठेवू नका. आणि बोलण्यात शेंडा ना बुडखा असेल तर लिहून आलं तरी तसंच येतं. फायलीच्या आकाराचं भान ठेवा: टेलिफोन दर्जाचा, कॉम्प्रेस न केलेला आवाज सेकंदाला ६४ किलोबिट घेतो, म्हणजे मिनिटाला सुमारे ४८० किलोबाइट. सगळे निरोप ईमेलला जोडून पाठवायला लागलात तर मेलची साठवण बघता बघता भरते.

मग बंद करायचा का? कोका-कोलाने डिसेंबर २०१४ मध्ये अटलांटातल्या मुख्यालयात व्हॉइसमेल बंद केला, ज्यांना कामासाठी लागतोच त्यांना ठेवायची मुभा देऊन. जेपी मॉर्गन चेस या अमेरिकन बँकेने २०१५ मध्ये ग्राहकांशी थेट संबंध नसलेल्या कर्मचाऱ्यांचा काढला. तिथे एका लाइनचा खर्च महिन्याला सुमारे १० डॉलर सांगितला गेला होता. कोणाला लागतो आणि कोणाला नाही, हा दोन्हीकडे केलेला भेद लक्षात घेण्यासारखा आहे, आणि माझाही सल्ला त्याच रेषेवर आहे. सहकारी सहकाऱ्याला फोन करतो तिथे व्हॉइसमेल काढून टाका. उचलला नाही तर चुकलेला कॉल दिसतो, कारण हवं असेल तर चॅटवर लिहिता येतं. बाहेरून फोन येतात तिथे मात्र हात आखडता घ्या. ग्राहकाकडे तुमचा चॅट नसतो, ईमेल पत्ता नसतो. काहींना टाइप करणं अवघड जातं, काहींना दिसत नाही, काहींचे हात कामात अडकलेले असतात. त्यांना बीपसुद्धा नाही म्हणजे दारच बंद.

फक्त तिथला मेलबॉक्स एका व्यक्तीच्या नावाचा नको, विभागाचा हवा. तो रोज कोण ऐकणार हे ठरलेलं हवं, आणि ऐकणाऱ्याने निरोप लगेच तक्रार नोंदवहीत किंवा तिकिटात (संगणकावरच्या तक्रार-नोंदीत) उतरवायचा. जुन्या ऑपरेटरचं काम पुन्हा कोणाकडे तरी सोपवायचं, एवढाच त्याचा अर्थ.

सर्वांत स्वस्त सुधारणा असते स्वागत-निरोपात, आणि तिकडेच कोणी बघत नाही. "आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, बीपनंतर निरोप ठेवा" यातून करणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं ठेवा: "हा हिशेब विभाग. आम्ही दुपारी बारा आणि चार वाजता निरोप ऐकतो. आधी आपला नंबर एकेक आकडा सांगा, मग नाव, मग बिल क्रमांक, आणि शेवटी काय हवंय ते एका वाक्यात. तातडीचं असेल तर शून्य दाबा." नंबर आधी मागण्याचं कारण उघड आहे: निसटला तर पहिल्या पाच सेकंदांतच पुन्हा ऐकता येतो. करणाऱ्याला चार रकाने मिळतात, आणि निरोप कधी ऐकला जाईल हेही कळतं, त्यामुळे तोच माणूस तासाभरात तीनदा फोन करत नाही. शून्य दाबल्यावर खरोखर कोणीतरी उचलतं ना, हे मात्र स्वतः लावून बघा. निम्म्या ठिकाणी ते शून्य जुन्या रिसेप्शनच्या बंद एक्स्टेंशनवर (ऑफिसातल्या अंतर्गत नंबरवर) जातं.

उरलेल्या मेलबॉक्सचे पिन त्याच दिवशी बदलायला लावा. ब्रिटनमध्ये 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' हे साप्ताहिक २०११ मध्ये ज्या फोन हॅकिंग प्रकरणात बंद पडलं, त्यात चोरून ऐकले गेले ते मुख्यतः व्हॉइसमेलच, आणि मूळचा पिन न बदलणं ही त्यातली मोठी फट होती. ऑफिसच्या यंत्रणेत आणखी एक धोका असतो. मेलबॉक्समधून बाहेरचा नंबर लावायची सोय चालू असेल आणि पिन १२३४ असेल, तर परक्या देशातले कॉल तुमच्या बिलावर होतात. लागत नसेल तर ती सोय बंद ठेवा.

आणि बंद करण्याच्या दिवसाआधी 'उचलला नाही तर कुठे' ही सगळी वळणं छापून घेऊन एकेक तपासा. नुसता मेलबॉक्स उडवला आणि वळण तसंच राहिलं तर करणाऱ्याला कुठलाच आवाज येत नाही, किंवा फोन वाजतच राहतो. नोकरी सोडून गेलेल्यांचे मेलबॉक्स विशेष बघा. एखादा जुना एक्स्टेंशन नंबर अजून कुठल्या तरी फॉर्मवर, मशीनच्या पट्टीवर किंवा लिफ्टमधल्या फोनमागे छापलेला असतो आणि त्यावर निरोप येत असतात. असे नंबर आधी चालू माणसाकडे वळवा, महिनाभर कोणाचे फोन येतात ते टिपा, मग बंद करा.